आवाज आकाराचा असतो

मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. तिचं पश्चिमेचं टोक विलेपार्ले-सांताक्रूझच्या बाजूला द्रुतगती महामार्गाजवळ येतं आणि पूर्वेचं टोक कुर्ल्याच्या जरीमरीजवळ. मुंबईत वर्षाचा बराचसा काळ वारा समुद्रावरून वाहतो आणि विमान शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन उतरतं. म्हणून बहुतेक विमानं पूर्वेकडून येतात. आधी नवी मुंबई, मग ठाण्याची खाडी, मग घाटकोपर, असल्फा, जरीमरी आणि लगेच धावपट्टी. घाटकोपर स्टेशन त्या टोकापासून सुमारे अडीच किलोमीटरवर आहे. तीन अंशांच्या उतारानं येणारं विमान तिथे जमिनीपासून दीडशे मीटरच्या आसपास असतं. घाटकोपर पश्चिमेच्या टेकडीवर ज्यांची घरं आहेत त्यांच्यासाठी ते आणखी जवळ.

मी घाटकोपर पश्चिमेत वाढलो आणि नोकरी केली सांताक्रूझच्या हँगरमध्ये. माझं काम एअरफ्रेमचं, म्हणजे इंजिन सोडून विमानाचं बाकीचं अंग. पंखांच्या पुढच्या-मागच्या हलत्या पट्ट्या, चाकांचे पाय, त्यांची दारं, झाकणं, सील, रिव्हेट. दिवसभर ज्या भागांना हात लावायचा, तेच भाग संध्याकाळी घराच्या पत्र्यावरून आवाज करत जायचे. आई बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर सोडायची, विमान जाऊ द्यायची आणि पुढचा शब्द तिथूनच उचलायची. आमच्या वस्तीत सगळेच असं बोलायचे.

लोक समजतात की विमानाचा आवाज म्हणजे इंजिनाचा आवाज. उड्डाणाच्या वेळी ते बरंचसं खरं असतं. पण घाटकोपरवरून विमान उतरत असतं, इंजिनं मंद केलेली असतात, आणि तरीही कान भरून जातात. त्या आवाजातला मोठा भाग कोणतंही यंत्र करत नाही. घन वस्तूवरून हवा वाहते, वस्तूच्या कडेला, भोकाशी, खांबामागे तिचे भोवरे सुटतात आणि त्या भोवऱ्यांतून ध्वनी उठतो. वस्तूचा आकार बदलला की आवाज बदलतो. अंधेरी ते घाटकोपर या पट्ट्यावरच्या आकाशाचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास मला या बाजूनं सांगायचा आहे, कारण तो कुणी या बाजूनं सांगितलेला मला आढळला नाही.

सुरुवात जुहूपासून. १९२८ मध्ये जुहूला विमानतळ उभा राहिला आणि त्याच वर्षी बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला. जे. आर. डी. टाटांनी तिथे उड्डाण शिकून १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळवला. क्लबात त्या वेळी डी हॅव्हिलंड कंपनीची मॉथ विमानं होती. एकावर एक दोन पंख, मध्ये लाकडी खांब आणि ते ताणून धरणाऱ्या तारा. वैमानिक उघड्यावर बसायचा. त्या पिढीचे वैमानिक वेग मोजायला काट्यापेक्षा कानावर जास्त विसंबत. विमान वेगानं जाऊ लागलं की तारांचा सूर चढायचा, वेग पडला की उतरायचा. सूर फारच खाली आला तर विमान पडण्याच्या बेतात आहे हे कळायचं.

या सुराचं गणित जुहूचा विमानतळ होण्याच्या पन्नास वर्षं आधी मांडून झालं होतं. १८७८ मध्ये व्हिन्सेन्ट्स स्ट्रौहाल या चेक भौतिकशास्त्रज्ञानं हवेतून तार फिरवून तिचा सूर मोजला. तार किती ताणली आहे किंवा किती लांब आहे यावर तो सूर ठरत नाही, हे त्याच्या लक्षात आलं. सूर ठरतो फक्त दोन गोष्टींवर, हवेचा वेग आणि तारेची जाडी. वेगाला जाडीनं भागायचं आणि साधारण ०.२ नं गुणायचं, की दर सेकंदाची कंपनं मिळतात. पाच मिलिमीटरची गोल तार सेकंदाला ३० मीटर वेगानं हवेतून गेली तर सूर निघतो १,२०० कंपनांचा, म्हणजे चांगली कर्णकर्कश शीळ. कारण असं, की गोल वस्तूमागे हवा चिकटून राहू शकत नाही. ती एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून भोवरा सोडते. प्रत्येक भोवऱ्याबरोबर तारेवरचा जोर दिशा बदलतो आणि त्या डोलणाऱ्या जोराचा ध्वनी होतो. तार स्वतः हलली नाही तरी ती गाते.

उपाय आकारातच होता. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीनं गोल तारेऐवजी चपटी, दोन्ही कडांना निमुळती तार काढली. हेतू होता हवेचा अडथळा कमी करण्याचा, आवाज कमी झाला हा वरचा लाभ. आमच्या धंद्यात हे पुन्हा पुन्हा दिसतं. जो आकार हवेला कमी अडवतो, तो बहुधा कमी ओरडतो.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, ते पस मॉथ या विमानातून. पुढे मद्रासपर्यंत ते टपाल त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्टसेंट यांनी नेलं. पस मॉथला एकच पंख आणि बंद केबिन होती, तारांचं जाळं गेलेलं होतं. या विमानाच्या चाकांच्या पायांवर एक लांबट आवरण असे. ते आवरण वैमानिकाला नव्वद अंशांत फिरवता यायचं. धार वाऱ्याकडे असताना ते जवळजवळ नसल्यासारखं असे, आडवं केलं की हवेचा ब्रेक लागे. एकच पत्रा, फक्त फिरवलेला, आणि हवेशी त्याचं नातं पूर्ण उलटं. पुढे नोकरीत लँडिंग गिअरचं, म्हणजे चाकांच्या पायाचं, दार उघडताना मला या आवरणाची नेहमी आठवण यायची.

दुसऱ्या महायुद्धात सांताक्रूझला लष्करी धावपट्टी झाली आणि युद्धानंतर मोठी नागरी विमानं जुहूहून तिकडे गेली. ८ जून १९४८ रोजी एअर-इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. ते लॉकहीड कॉन्स्टेलेशन होतं. चार पिस्टन इंजिनं, प्रत्येकापुढे तीन पात्यांचा पंखा. आता उपनगरावर पंख्यांच्या आवाजाचं युग आलं. पंख्याचं पातं म्हणजे फिरणारा पंखच. ते जिथून जातं तिथली हवा दाबली जाते, आणि खाली उभ्या माणसाच्या कानावर दर फेऱ्याला पात्यांच्या संख्येइतके धक्के येतात. तीन पाती मिनिटाला १,२०० वेळा फिरली तर सेकंदाला ६० धक्के. हा खालचा, खिडक्यांची तावदानं हलवणारा घुमारा. १९३० च्या दशकातच रशियन शास्त्रज्ञ गुटिन यानं याचं गणित केलं होतं, आणि त्यातून दिसतं की पातं लहान, पाती जास्त आणि टोकाचा वेग कमी, असं केलं तर आवाज झपाट्यानं उतरतो. आज मुंबईत उतरणाऱ्या एटीआर-७२ विमानांना तीनऐवजी सहा पाती आहेत. कान देऊन ऐकलं तर त्यांचा सूर किती सौम्य आहे ते कळतं.

१९६० मध्ये एअर-इंडियाची बोइंग ७०७ आली आणि मे महिन्यात न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. १९६२ पर्यंत सगळी विमानं जेट असलेली ती जगातली पहिली विमानकंपनी झाली होती. पाठोपाठ इंडियन एअरलाइन्सची कॅराव्हेल विमानं आली. आमच्या भागातली जुनी माणसं जेटच्या पहिल्या वर्षांविषयी बोलताना आवाज खाली आणतात, इतका तो आवाज अंगावर आलेला होता.

जेटचा आवाज कसा निर्माण होतो याचं पहिलं पक्कं उत्तर मॅंचेस्टर विद्यापीठातल्या जेम्स लाइटहिल यांनी १९५२ मध्ये दिलं. नळीतून सुटलेल्या हवेच्या झोताचा ध्वनी वेगाच्या आठव्या घातानं वाढतो. वेग दुप्पट केला तर ध्वनीची शक्ती २५६ पट, म्हणजे २४ डेसिबल जास्त. याच नियमात सुटकाही होती. झोताचा वेग निम्मा करता आला, तर तोच आवाज २५६ व्या हिश्शावर येतो. नंतरची सगळी इंजिनं या एका ओळीच्या मागे धावत आली आहेत.

पण १९६० मध्ये वेग कमी करणं फारसं शक्य नव्हतं, म्हणून आकारावर काम झालं. एअर-इंडियाच्या ७०७ ना रोल्स-रॉइसची कॉनवे इंजिनं होती. त्यांच्या मागच्या तोंडाला गोल कड नव्हती, आतबाहेर वळणारी पाकळ्यांची कड होती. रोल्स-रॉइसच्या ग्रेटरेक्स या अभियंत्यानं ती १९५० च्या दशकात काढलेली. मी शिकाऊ म्हणून लागलो तेव्हा ती ७०७ अजून उडत होती. आमच्या फोरमनना आम्ही मास्तर म्हणायचो. त्यांनी मला त्या तोंडापाशी नेऊन म्हटलं होतं, “पोरा, हात लाव. हे फूल शोभेचं नाही. हे तुझ्या घाटकोपरच्या लोकांसाठी आहे.” त्यांनी समजावलं ते असं, की गोल तोंडातून गरम झोत एकसंध बाहेर पडतो आणि बाहेरच्या थंड हवेशी त्याची गाठ फार उशिरा पडते. मधल्या अंतरात मोठमोठे भोवरे तयार होतात आणि मोठ्या भोवऱ्यांचा आवाज खालचा, दूर जाणारा. पाकळ्या असल्या की झोताची कड लांब होते, बाहेरची हवा पाकळ्यांमधून आत शिरते, मिश्रण लवकर होतं, भोवरे बारीक होतात. बारीक भोवऱ्यांचा आवाज वरचा, आणि वरच्या सुराला हवा वाटेतच शोषून घेते. त्याची किंमतही होती, वजन वाढायचं आणि थोडा जोर जायचा.

१९७१ मध्ये पहिलं जंबो आलं, बोइंग ७४७ ‘एम्परर अशोक’. दुप्पट मोठं विमान, तरी जमिनीवरच्या माणसाला ७०७ पेक्षा कमी टोचणारं. इथे नळीच्या कडेपेक्षा इंजिनाची सगळी ठेवणच बदललेली होती. कॉनवेमध्ये गाभ्याबाहेरून जाणारी हवा गाभ्यातल्या हवेच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाइतकी होती, जंबोच्या जेटी-नाइन-डी इंजिनात ती पाचपट झाली. पुढच्या भल्या मोठ्या पंख्यानं जास्त हवा हळू ढकलायची, की लाइटहिलच्या नियमानं आवाज पडतो. अलीकडच्या एअरबस ए-३२० निओच्या प्रॅट अँड व्हिटनी इंजिनात हे प्रमाण सुमारे बारापट आहे. इंजिनाचं तोंड वर्षानुवर्षं रुंद का होत गेलं, याचं एक मोठं कारण इंधन. दुसरं, आपले कान.

मात्र इंजिनं शांत होत गेली तसा खालचा दुसरा आवाज उघडा पडला. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं १९७१ मध्ये विमानांच्या आवाजाचे पहिले नियम केले. त्यात उतरतानाचा आवाज मोजण्याची जागा धावपट्टीच्या टोकापासून २,००० मीटरवर ठरवली, विमानाची उंची तिथे १२० मीटर. मुंबईच्या नकाशावर ती जागा मांडली तर ती असल्फा आणि घाटकोपर स्टेशन यांच्या मधल्या वस्तीत पडते. जगातल्या प्रत्येक मोठ्या विमानाचा उतरण्याचा आवाज ज्या अंतरावर तपासला जातो, त्याच अंतरावर आम्ही राहतो. आणि तिथे मायक्रोफोनला जे ऐकू येतं, त्यात एअरफ्रेमचा हिस्सा आता इंजिनाच्या बरोबरीला आलेला असतो.

लँडिंग गिअर जवळून पाहिला असेल तर हे पटायला वेळ लागत नाही. पंखाचा प्रत्येक इंच हवेसाठी घासूनपुसून बनवलेला असतो, गिअर मात्र वजन पेलण्यासाठी बनवतात. मधला जाड नळ, त्याला कोनात टेकू, पुढेमागे टॉर्क लिंक, ब्रेकच्या नळ्या, तारांचे जुडगे, पोकळ पिना, उघडलेलं दार आणि वर रिकामा झालेला कप्पा. उतरताना विमान सेकंदाला सुमारे ७० मीटर वेगानं येतं. स्ट्रौहालचं गणित लावलं तर पाव मीटर जाडीचा नळ ५६ कंपनांचा घुमारा देतो आणि दोन सेंटीमीटरची ब्रेकची नळी ७०० कंपनांची शीळ. अशा पन्नास जाडीच्या पन्नास वस्तू एकत्र, शिवाय पुढच्या वस्तूचे भोवरे मागच्या वस्तूवर आदळतात. म्हणून गिअरला एक सूर नसतो, सगळ्या पट्ट्यांवर पसरलेली खरखर असते.

१९५५ मध्ये कर्ल या शास्त्रज्ञानं लाइटहिलचा सिद्धान्त घन वस्तूंपर्यंत वाढवला. घन पृष्ठभागावर डोलणारा जोर जो ध्वनी देतो, तो वेगाच्या सहाव्या घातानं वाढतो. वेग दुप्पट, तर आवाज ६४ पट. आठव्या घातापेक्षा हे कमी वाटतं, पण कमी वेगाला हाच आवाज वरचढ ठरतो. उतरणाऱ्या विमानाला हेच लागू पडतं.

१९८९ मध्ये इंडियन एअरलाइन्सनं ए-३२० आणलं तेव्हा त्याच्या मुख्य गिअरला प्रत्येक पायाला चार चाकं होती. जगात इतरत्र त्या विमानाला दोनच असतात. आपल्याकडच्या काही धावपट्ट्या कमकुवत, वजन जास्त चाकांवर वाटलं जावं म्हणून ती खास व्यवस्था. धावपट्टीच्या दृष्टीनं ते शहाणपणाचं होतं. हवेच्या दृष्टीनं मागच्या जोडीला पुढच्या जोडीचे भोवरे सोसावे लागत. १९९० च्या दशकात जर्मन-डच वायुबोगद्यात ए-३२० चा गिअर पूर्ण आकारात बसवून डोब्रझिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा आवाज भाग भाग करून मोजला. पोकळ पिनांची तोंडं बंद केली की त्यांची शीळ जाते, नळ्यांच्या जुडग्यापुढे गुळगुळीत आवरण बसवलं की वरची खरखर पडते, हे सिद्ध झालं. पंखांच्या बाबतीतही तसंच. पुढची पट्टी, म्हणजे स्लॅट, बाहेर सरकली की मागे एक खाच उघडते आणि त्या खाचेत भोवरा अडकून फिरतो. मागच्या फ्लॅपची बाजूची कड उघडी पडते आणि तिच्यावरून हवा खालून वर गुंडाळली जाते. प्रत्येक उघडी कड, प्रत्येक खाच आवाजाची जागा.

यातली सर्वांत बोलकी गोष्ट ए-३२० च्या भोकांची. त्याच्या प्रत्येक पंखाखाली दोन गोल उघडी तोंडं असतात. इंधनाच्या टाकीतला दाब वाढला तर तो सुटावा म्हणून ती ठेवलेली. हवा त्यांच्यावरून सरकते आणि रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तसा एक सरळ सूर निघतो. हा सूर गिअर बाहेर यायच्या आधी, धावपट्टीपासून दहा-पंधरा किलोमीटरवर स्पष्ट ऐकू येतो. आपल्याकडे ते अंतर खाडीपलीकडे, वाशी-कोपरखैरण्याच्या आसपास पडतं. तिथल्या एका नातेवाइकानं मला विचारलं होतं, “दादा, तुमच्या विमानाला कसली शिट्टी लावलीय?” मी त्याला पंखाखालच्या तोंडांचं चित्र काढून दाखवलं. जर्मनीच्या डीएलआर या संशोधन संस्थेनं जमिनीवर मायक्रोफोनांचं जाळं मांडून हा सूर नेमका कुठून येतो ते शोधलं होतं. उपाय म्हणजे त्या तोंडाच्या पुढे एक छोटी धातूची पट्टी. ती हवेत मुद्दाम एक बारीक भोवरा काढते, भोकावरचा सरळ प्रवाह मोडतो, सूर बंद. लुफ्तान्सानं २०१४ मध्ये आपल्या जुन्या विमानांना ती लावायला सुरुवात केली आणि त्याच वर्षापासून एअरबस नव्या विमानांना ती कारखान्यातूनच लावते. इंजिनाला हात न लावता, उड्डाणाच्या वेळा न बदलता, एका पट्टीनं लाखो लोकांची एक कटकट संपली.

आमच्या आकाशाला दोनदा विश्रांती मिळाली. २०१९ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन धावपट्ट्यांच्या छेदाची दुरुस्ती चालली होती, तेव्हा आठवड्यातून तीन दिवस अकरा ते पाच विमानं बंद असायची. मग २५ मार्च २०२० पासून दोन महिने देशांतर्गत प्रवासी सेवा थांबली. हा तोच विमानतळ, ज्यानं ८ डिसेंबर २०१८ च्या एका दिवसात १,००७ विमानांची ये-जा पाहिली होती. २५ मे २०२० ला सेवा पुन्हा सुरू झाली तेव्हा रस्त्यावर गाड्या थोड्या होत्या आणि विमानंही थोडी. गच्चीत उभं राहून प्रत्येक विमान वेगळं ऐकता आलं. आधी दुरून पंखांची सळसळ, मग गिअरची खरखर, डोक्यावर येताना पंख्याचा सूर, गेल्यावर मागचा झोत. ज्या भागांवर हयातभर हात फिरवले, ते एकेक ओळखू आले. त्या दिवसांत शेजारची कॉलेजची पोरं गच्चीत यायची. त्यांना मी हे शिकवलं, आणि थोड्याच दिवसांत ती डोळे मिटून निओ आणि जुनं ए-३२० वेगळं सांगू लागली.

त्यांना मी घुबडाचंही सांगितलं. गव्हाणी घुबड मुंबईच्या जुन्या इमारतींत आणि आरेच्या बाजूला आजही आहे. १९३४ मध्ये ग्रॅहम या अभ्यासकानं त्याच्या मूक उड्डाणाची तीन कारणं नोंदवली. पंखाच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे दात, मागच्या कडेला मऊ झालर आणि पिसांवर मखमली लव. मागच्या कडेचं महत्त्व का, हे १९७० मध्ये फ्फौक्स विल्यम्स, ज्यांनी पुढे केंब्रिजमध्ये नाव कमावलं, आणि हॉल यांनी गणितानं दाखवलं. मोकळ्या हवेतला भोवरा फार कमी आवाज करतो. तोच भोवरा धारदार, सरळ कडेवरून सुटला की त्याचा आवाज कितीतरी पटीनं वाढतो, आणि तो वेगाच्या पाचव्या घातानं जातो. कड सरळ नसून दातेरी किंवा झालरदार असेल तर भोवरा एका क्षणात सुटत नाही, टप्प्याटप्प्यानं सुटतो. म्हणून आज पवनचक्क्यांच्या पात्यांच्या मागच्या कडेला करवतीसारखे दात बसवतात.

२००५ मध्ये बोइंग, जनरल इलेक्ट्रिक, गुडरिच आणि नासानं ऑल निप्पॉन एअरवेजच्या बोइंग ७७७ वर अशा कल्पना प्रत्यक्ष उडवून पाहिल्या. इंजिनाच्या मागच्या कडेला त्रिकोणी दात आणि गिअरच्या खाली घसरगुंडीच्या पाटीसारखं आवरण. दात पुढे बोइंग ७८७ वर आले. सप्टेंबर २०१२ मध्ये एअर इंडियाचं पहिलं ७८७ भारतात आलं. त्याच्या इंजिनाची दातेरी कड पाहिली तेव्हा मला मास्तरांचं फूल आठवलं. १९६० च्या ७०७ वरच्या पाकळ्या आणि ७८७ वरचे दात हे एकाच घराण्याचे आहेत. मधल्या अर्धशतकात एवढंच झालं, की तेच काम करायला आता जाड, जड पाकळ्या लागत नाहीत, पातळ दात पुरतात.

या सगळ्यातून मला एकच गोष्ट सांगायची आहे. विमानाचा आवाज हा आकाशातून येणारा पाऊस नव्हे, की तो आला तर सोसायचा. त्यातला मोठा भाग कुणीतरी आखलेल्या कडेतून, भोकातून, नळीतून येतो. ज्यानं ती कड आखली, त्याला ती दुसरी आखता येते. तारा चपट्या झाल्या, पाती तीनाची सहा झाली, इंजिनाच्या तोंडाला पाकळ्या आणि मग दात आले, पंखाखालची शीळ एका पट्टीनं बंद झाली. यातलं बरंचसं घडलं ते जमिनीवरच्या माणसांनी आवाज ऐकून न घेता मोजून दाखवला म्हणून, आणि नियमांनी ते मोजमाप बंधनकारक केलं म्हणून.

आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा घालतात. लंडनच्या हीथ्रोला आणि फ्रँकफर्टला विमान किती आवाज करतं त्यावर उतरण्याचं शुल्क कमी-जास्त होतं. तिथल्या विमानकंपन्यांना पंखाखालची पट्टी बसवणं परवडलं, त्यामागे हेही कारण आहे. मुंबईतही शुल्क आवाजाशी बांधलं जावं, ही मागणी घाटकोपर, कुर्ला, असल्फा, विलेपार्ले इथल्या नागरिक मंडळांनी लावून धरली पाहिजे. ‘आवाज फार होतो’ एवढ्या तक्रारीचं कुणी काही करू शकत नाही. ‘या वेळेला या जातीचं विमान या सुरात गेलं’ अशी नोंद मात्र कुणालाही बाजूला ठेवता येत नाही. त्यासाठी लागतो तो साधा ध्वनिमापक, एक वही आणि कान.

नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं. उलवे आणि पनवेलच्या बाजूची वस्ती आज जिथे उभी आहे, तिथे आम्ही साठ वर्षांपूर्वी होतो. त्या वस्तीतल्या लोकांना माझं सांगणं एवढंच आहे, की पहिल्या वर्षापासून मोजायला सुरुवात करा. आम्ही ते उशिरा सुरू केलं.